कॅच कॅनच्या डब्यात नेमके काय जमते?

चंडीगडचा एक सेक्टर साधारण १,२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. शाळा, दुकाने, दवाखाना पायी गाठता यावेत म्हणून ल कॉर्बुझिएने हे माप धरले होते. आज दरडोई मोटारींच्या संख्येत हेच शहर देशात आघाडीवर आहे आणि इथल्या कितीतरी गाड्या दिवसभरात या सेक्टरमधून त्या सेक्टरमध्ये, तीन-चार किलोमीटर धावून पुन्हा थंड होत उभ्या राहतात. त्यात डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके आणि पहाटेचा पारा चार-पाच अंशांवर. पुण्याहून बदली होऊन शेजारच्या चंडीमंदिर छावणीत गेलेल्या कुणी आपली साधी पेट्रोल गाडी सोबत नेली, तर तिच्या इंजिनाला पुण्यात कधी न भेटलेला हिवाळा तिथे भेटतो.

याच हिवाळ्यात ‘ऑइल कॅच कॅन’ विकणाऱ्यांना सर्वात सोपा पुरावा मिळतो. बॉनेटखाली ॲल्युमिनियमचा छोटा डबा बसवायचा, इंजिनातला वायू बाहेर काढणारी ब्रीदरची नळी त्यातून फिरवायची, महिन्याने डबा उघडायचा. आत कपभर मळकट, दुधाळ द्रव निघतो. ‘बघा, हे सगळे तुमच्या इंजिनात जात होते,’ असे म्हटले की मालक हादरतो. डबा खोटे बोलत नाही, द्रव खराच आहे. पण तो कशाचा बनला आहे आणि डबा नसता तर त्याने काय नुकसान केले असते, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसल्या तरी स्फोटाच्या क्षणी थोडा वायू त्यांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. जुनी गाडी घेताना मिस्त्री टॅपेट कव्हरवरचे ऑइलचे झाकण उघडून ‘बॅक कॉम्प्रेशन’ बघतो, तो हाच वायू. त्यात न जळलेले पेट्रोल, नायट्रोजनची ऑक्साइडे, पाण्याची वाफ असते आणि खाली आल्यावर ऑइलचे सूक्ष्म थेंबही मिसळतात. हा वायू कोंडला तर दाब वाढून ऑइल सील गळू लागतात, म्हणून त्याला वाट द्यावीच लागते.

पूर्वी ही वाट सरळ रस्त्याकडे होती. इंजिनाखाली एक नळी सोडलेली असे आणि सगळी घाण उघड्या हवेत जाई. १९५० च्या दशकात कॅलटेकमधील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की लॉस एंजेलिसचे डोळे चुरचुरवणारे धुरके गाड्यांतील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून तयार होते. त्या काळच्या गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी सुमारे एक पंचमांश भाग या क्रँककेसच्या नळीतून येत असे. म्हणून १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात नव्या गाड्यांना पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह आला. तो हा वायू इनटेक मॅनिफोल्डकडे वळवतो आणि इंजिन स्वतःचीच घाण पुन्हा जाळून टाकते. मोटारींच्या प्रदूषणावरच्या पहिल्या काही इलाजांपैकी हा एक. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक इलाज नंतर क्वचितच सापडला.

कॅच कॅन या वाटेच्या मधे बसतो. त्यातल्या आडव्या पट्ट्या किंवा जाळी वायूला अचानक वळायला लावतात. वायू वळतो, पण जड थेंबांना वळणे जमत नाही. ते भिंतीवर आपटतात, एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी उतरतात. जाळी नसलेल्या, नुसत्या दोन नळ्यांच्या स्वस्त डब्यात बारीक थेंब जसे येतात तसे निघून जातात. शिवाय कंपनीने टॅपेट कव्हरच्या आतच अशा पट्ट्यांचा एक विभाजक दिलेला असतो. म्हणजे बाहेरचा डबा हा दुसरा चाळणा आहे, पहिला नव्हे.

आता टर्बोचा मुद्दा. टर्बो इंजिनात हवा दाबून कोंबली जाते, सिलिंडरमधला दाब खूप वाढतो, तसा रिंगांना चुकवून येणारा वायूही वाढतो. टर्बो जोरात चालू असताना मॅनिफोल्डमध्ये ओढ उरत नाही, उलट दाब असतो, म्हणून पीसीव्ही बंद होतो आणि वायू दुसऱ्या नळीने टर्बोच्या तोंडाशी जातो. तिथून ऑइलचा थर इंटरकूलरमध्ये साचत राहतो. टर्बो नसलेल्या इंजिनात यातले काहीच नाही. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये कायम ओढ असते आणि वायू ठरल्या वाटेने निघून जातो. चंडीगडहून शिमल्याच्या घाटात तर हा फरक आणखी ठळक होतो. शिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब चंडीगडच्या मानाने जवळपास एक पंचमांशाने कमी. साधे इंजिन तितकी कमी हवा घेते, त्यामुळे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी सिलिंडरमधला दाब मैदानातल्याइतका चढत नाही. टर्बो मात्र ही तूट भरून काढतो.

तरीही माझ्या मते ‘टर्बो आहे की नाही’ हा पुरता बरोबर प्रश्न नाही. पेट्रोल कुठे पडते, हे विचारायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक टर्बो नसलेल्या पेट्रोल गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये फवारले जाते. मारुतीची के-सिरीज इंजिने हे त्याचे रोजचे उदाहरण. पीसीव्हीमार्गे आलेला ऑइलचा पातळ थर व्हॉल्व्हवर बसायला लागला की पेट्रोल त्याला धुऊन काढते आणि पेट्रोलमधली डिटर्जंट मिश्रणे मदत करतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरात जाते. व्हॉल्व्हच्या पाठीला ते कधी लागतच नाही आणि ऑइल तिथे भाजून काजळीचा थर होतो. ऑडीच्या आरएस-४ मधला ४.२ लिटरचा व्ही-८ याच काजळीसाठी बदनाम झाला आणि त्या इंजिनाला टर्बो नव्हता! असा थर काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारावा लागतो. म्हणजे टर्बो नसूनही कॅच कॅनचा विचार करण्यासारखी गाडी असू शकते, पण ती डायरेक्ट इंजेक्शनची. तिथेही डबा थर कमी करतो, थांबवत नाही, कारण व्हॉल्व्हच्या दांड्याच्या सीलमधून झिरपणारे ऑइल डब्यापर्यंत येतच नाही.

मग त्या दुधाळ द्रवाचे काय? पेट्रोल जळले की त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. हिशेब सोपा आहे: एक किलो पेट्रोल जळले की सव्वा ते १.४ किलो पाणी तयार होते, म्हणजे लिटरमागे जवळपास लिटरभर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलातही हा आकडा फारसा बदलत नाही. यातले बहुतेक सायलेन्सरमधून जाते, थोडे क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन नीट तापले तर ते वाफ होऊन पीसीव्हीतून निघून जाते. पण शीतक तापल्यावरही ऑइल तापायला आणखी बरीच मिनिटे लागतात आणि तीन किलोमीटरवर प्रवास संपलेला असतो! मग भाताच्या झाकणावर वाफ जमते तशी ती टॅपेट कव्हरच्या आत आणि कॅच कॅनच्या थंड भिंतीवर जमते, ऑइलशी घुसळली जाते आणि दुधाळ लोणी होते. इंजिनापासून दूर, थंड हवेत बसवलेला डबा तर ही वाफ मुद्दाम पकडतो. म्हणून हिवाळ्यात भरलेला डबा हा बराचसा पाण्याचा आणि पेट्रोलचा असतो. डबा नसता तर हे पाणी वाफेच्या रूपाने इंजिनात जाऊन निमूट बाहेर पडले असते.

डब्याचे तोटेही आहेत. जानेवारीत गाडी मनालीकडे नेली आणि तापमान शून्याखाली गेले, तर डब्यातले आणि नळीतले हेच पाणी गोठू शकते. वाट बंद झाली की क्रँककेसचा दाब वाढतो आणि ज्या सीलच्या रक्षणासाठी ही वाट ठेवली तेच सील गळू लागतात. ढिल्या नळीतून बाहेरची हवा शिरली तर मिश्रणाचे प्रमाण बिघडून इंजिन लाइट लागतो. सर्वात वाईट म्हणजे डब्यावर छोटा फिल्टर लावून वायू उघड्यावर सोडणे. क्रँककेसचा वायू हवेत जाता कामा नये, ही भारत स्टेज मानकांची अट आहे. ज्या शहरात हिवाळ्यात धुके आणि धूर एकमेकांत मिसळून दिवसेंदिवस जमिनीलगत राहतात, तिथे १९६१ च्या आधीची ती नळी पुन्हा जोडणे मला अक्षम्य वाटते.

उघड्या ब्रीदरच्या शर्यतीच्या गाड्यांना मात्र हा डबा नियमानेच लागतो. एफआयए या मोटार-शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमात २,००० सीसीपर्यंतच्या गाडीला २ लिटरचा आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ३ लिटरचा डबा सांगितला आहे. वळणावर ऑइल उसळून ट्रॅकवर सांडू नये आणि मागचा चालक घसरू नये, हा त्यामागचा हेतू. चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये पार्किंग शोधणाऱ्या गाडीला तो लागू होत नाही.

ज्यांच्या गाडीत ऑइल खरोखर कमी होते आहे, त्यांनी डबा घेण्याआधी इंजिन तपासावे. गाडी सुरू ठेवून ऑइलचे झाकण काढा आणि तोंडावर हलका कागद धरा. तो किंचित आत ओढला गेला तर पीसीव्ही आपले काम करतो आहे. कागद उडत असेल, भकाभक धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. रिंगा गेलेल्या इंजिनाला डबा लावणे म्हणजे आजार तसाच ठेवणे. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही कमी करून घ्या, कारण जास्त ऑइल क्रँक फिरताना घुसळून ब्रीदरकडे फेकले जाते. सुटा मिळणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बहुधा काही शे रुपयांत येतो. नव्या काही गाड्यांत तो टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, हे आधी विचारून घ्यावे.

टर्बो नसलेल्या, पोर्ट इंजेक्शनच्या गाडीला कॅच कॅनची गरज नाही. चंडीगडसारख्या तुटक अंतरांच्या वापरात ऑइल मॅन्युअलमधल्या ‘खडतर वापरा’च्या मुदतीने बदला, आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि डब्याचे पैसे पुढच्या ऑइलसाठी ठेवा.