दात कुठे आलेत अजून?

लेकीची उष्टावण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या पुढ्यात लाल भोपळ्याची फोड ठेवली. कुकरमध्ये वरणाच्या भांड्यावर जी ताटली असते, तिच्यात उकडलेली, माझ्या बोटाएवढी लांब. तिने ती मुठीत आवळली. निम्मी बोटांच्या फटींतून बाहेर आली, बरीचशी कपाळाला लागली, उरलेली तोंडात गेली. सासूबाई ओट्याशीच होत्या. “अगं, दात कुठे आलेत तिला अजून?”

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि वरवर रास्तही वाटतो. पण साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात दिसू लागतात ते पुढचे दात, तुकडा तोडायचे. चावायच्या दाढा वर्षानंतर, कधी कधी दीड वर्षाच्या आसपास येतात. त्यांची वाट बघायची तर तोवर पेजच भरवावी लागेल. मऊ शिजलेलं खायला हिरड्या पुरतात. किती कडक असतात ते बाळाने एकदा बोट चावलं की कळतं. बघायचं ते वेगळंच: सहा महिने पूर्ण झालेत का, थोड्या आधाराने बसतं का, मान सावरतं का, हातातली वस्तू नेमकी तोंडाकडे नेतं का. काही घरांत मुलीची उष्टावण पाचव्या महिन्यातच करतात. तो विधी बोटभर खिरीपुरता ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना वरचं अन्न सहा महिन्यांनंतरच सुरू करायला सांगते.

दुसरी भीती घास अडकण्याची. ती खरी आहे, फक्त आपण चुकीच्या वेळी घाबरतो. तिसऱ्या-चौथ्या घासाला लेकीला उमासा आला. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, जीभ बाहेर, आणि भोपळा परत ताटलीत. सासूबाईंनी तिला उचलायला हात पुढे केले, माझ्याही छातीत धस्स झालं. पण या वयात उमासा आणणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते. घास लवकर मागे गेला की शरीर स्वतःच तो बाहेर ढकलतं. आवाज येतोय, बाळ खोकतंय, तोवर आपण हात आवरायचे. घास खरोखर अडकतो तेव्हा आवाज थांबतो: रडू फुटत नाही, खोकला येत नाही, ओठ निळसर होतात. अशा वेळी घास दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपू नये, तो आणखी आत जातो. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरावं आणि खांद्यांच्या मधोमध तळव्याच्या टाचेने पाच थापा माराव्यात. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. आलटून पालटून हेच चालू ठेवायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा.

हाताने खाणाऱ्या बाळाच्या घशात जास्त अडकतं, हा समज न्यूझीलंडमध्ये सुमारे दोनशे बाळांवर झालेल्या अभ्यासात तपासला गेला. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काय द्यावं, काय टाळावं हे आईबापांना नीट समजावलेलं असताना, स्वतः खाणाऱ्या आणि चमच्याने भरवलेल्या बाळांत तसा फरक दिसला नाही. धोका असतो पदार्थाच्या आकारात आणि कडकपणात. गंमत अशी की भोपळ्याला घाबरणारं घर बाळाच्या हातात कच्च्या सफरचंदाची फोड सहज देतं. अख्खी द्राक्षं, फुटाणे, शेंगदाणे, पॉपकॉर्न, कच्चं गाजर हे सगळं टाळायचंच. द्राक्ष द्यायचं तर उभं चार भागांत चिरून. बाकी पदार्थांची परीक्षा सोपी: अंगठा आणि बोटात दाबला की चिरडला पाहिजे.

राहिला वेळेचा प्रश्न. “नोकरी करून बाळाचं वेगळं कधी शिजवणार?” वेगळं शिजवायचंच नाही. कुकर लागणारच असतो; त्यात रताळं, गाजर, फरसबी टाकायची. इडली असेल तर तिच्या लांब पट्ट्या. धिरडं, घावन, आप्पे, पनीर. केळं हातातून निसटतं, म्हणून ते नाचणीच्या भाजलेल्या पिठात घोळवावं. आमटीतली घट्ट डाळ मीठ-फोडणीच्या आधी वाटीभर काढून ठेवायची आणि भातात कालवून तिचे मुटके वळायचे. मात्र नुसत्या भाज्यांवर थांबू नये. जन्मापासूनचा लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, तेव्हा डाळीबरोबर नीट शिजलेलं अंडं, काटे काढलेली मासळी, खाणाऱ्या घरात मऊ चिकनही द्यावं. जिरं, हळद, हिंग चालतं. मीठ आणि साखर वर्षभर नको. आणि मध तर चाटवायलासुद्धा नको. त्यातून बोटुलिझमचे जंतू जाऊ शकतात आणि वर्षाखालच्या बाळाला ते झेपत नाहीत.

शेंगदाण्याबाबत माझीही समजूत चुकीची होती. ॲलर्जी नको म्हणून मी तो दोन वर्षांनंतर देणार होते. पण लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ चाचणीत उलटंच दिसलं: पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केलेल्या मुलांत पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी कितीतरी कमी होती. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. एरवी आपल्याकडे यासाठी काही आणावं लागत नाही, कुटाचा डबा असतोच. खूप बारीक केलेलं चिमूटभर कूट दह्यात किंवा भातात कालवायचं.

“पण पोटात काय गेलं?” सुरुवातीला फारसं नाहीच. आठव्या महिन्यापर्यंत वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी पुरतात, बाकीचं दूध बघून घेतं.

नवव्या महिन्यात लेकीला चिमूट जमली. मग लांब फोडींची गरज संपली, चिरडलेला वाटाणा तिला पुरू लागला. आता जेवणं झाल्यावर मी केरसुणी घेऊन येईपर्यंत ती टेबलाखाली पोचलेली असते, आणि फरशीवर वाळलेलं एकेक शीत दोन बोटांत उचलून आधी आजीला दाखवते, मग तोंडात टाकते.