डोक्यावरचा सूर्य, पडद्यावरचा वक्र

मे महिना उतरणीला लागला की वऱ्हाडात नवतपाची चर्चा सुरू होते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि अकोला-अमरावतीचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. याच दिवसांत सव्वाबाराच्या आसपास अंगणात उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस दोन्ही शहरांत वेगळा असतो. का, ते घरच्या संगणकावर आलेख काढून पाहता येतं आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आलेख काढणारा कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ मध्ये बाजारात आणला. अमेरिकेत तो शाळकरी मुलांच्या दप्तरात जाऊन बसला. आपल्या बारावीच्या परीक्षेत चालतं ते लॉग टेबल, त्यामुळे इथे आलेख म्हणजे ग्राफ पेपर, टोकदार पेन्सिल आणि हाताने जोडलेले सात-आठ बिंदू. ते करायलाच हवं. हात त्यानेच बसतो. पण सूत्रातला एक आकडा बदलला की वक्र कुठे सरकतो, हे समजायला दर वेळी नवा कागद घेणं जमत नाही.

घरी विंडोज १० किंवा ११ असेल, तर बहुधा शोध तिथेच संपतो. नेहमीच्या कॅल्क्युलेटरच्या मेनूत २०२० पासून ‘ग्राफिंग’ हा पर्याय आहे. माझी पसंती मात्र जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमला. मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ मध्ये तो सुरू केला. शिकण्यासाठी तो फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही चालतो. उतरवताना त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. ‘फ्री डाउनलोड’च्या भलत्या बटणांमागे बऱ्याचदा नको ती भर येते.

आता सूर्याकडे वळू. वर्षभरात तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो, याचं एक सोपं सूत्र आहे : वाय = २३.४५ साइन (०.९८६३ (२८४ + एक्स)). एक्स म्हणजे १ जानेवारीपासून मोजलेला दिवस. हे लिहिण्याआधी कोनाचं एकक ‘अंश’ करा. ते रेडियनवर राहिलं तर वर्षभराच्या एका डौलदार लाटेऐवजी सत्तावन्न दाट लाटांचं जाळं उमटतं. चूक संगणकाची नसते. प्रश्नच वेगळा विचारला गेलेला असतो.

लाट आली की तिच्यावर दोन आडव्या रेषा टाका. अकोल्याचा अक्षांश २०.७, अमरावतीचा सुमारे २०.९३. रेषा जिथे लाटेला छेदते, त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर. अकोल्याची रेषा २३-२४ मेला लाटेला भेटते, अमरावतीची २५ मेला. दोन्ही शहरं पूर्व-पश्चिम बरीच लांब असली, तरी उत्तर-दक्षिण अंतर पंचवीसेक किलोमीटरच आहे. तेवढं ओलांडायला सूर्याला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो, कारण मेअखेर लाट माथ्याकडे सपाट होत चाललेली असते. मार्चमध्ये, जिथे ती सर्वांत उभी चढते, तिथे याच अंतराला अर्धा दिवस पुरतो. चढ असा डोळ्यांना दिसला की अकरावी-बारावीतला ‘डेरिव्हेटिव्ह’ पाठ करावा लागत नाही.

आता रेषा दिल्लीच्या २८.६ वर न्या. ती लाटेच्या वरून निघून जाते, कुठेच भेटत नाही : दिल्लीत सूर्य कधीच थेट डोक्यावर येत नाही.

आपल्या रेषा मात्र लाटेला पुन्हा एकदा छेदतात. अमरावतीची १८ जुलैला, अकोल्याची १९-२० जुलैला. तेव्हा क्रम उलटा असतो, सूर्य परतीच्या वाटेवर असतो. आभाळ भरलेलं, शेतात कपाशी आणि तूर वाढीला लागलेली. त्या दुपारी सावली गेली तरी अंगणात कुणाला दिसत नाही.