फाइल उघडणाऱ्याचा काय दोष?

अनोळखी ईमेलमधून आलेली फाइल उघडू नका, हा सल्ला आता सगळ्यांना पाठ झाला आहे. सल्ला चुकीचा नाही, पण त्याच्या आडून खरा प्रश्न सुटून जातो. नुसती फाइल उघडल्याने संगणक परक्याच्या ताब्यात जात असेल, तर जबाबदारी फाइल उघडणाऱ्या माणसाची नाही, ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची आहे. स्प्रेडशीटच्या बाबतीत हे विशेष खरं आहे. आपल्याला तिथे आकडे दिसतात, प्रोग्रॅमच्या दृष्टीने मात्र ती पाळायच्या सूचनांची जंत्री असते.

उदाहरणार्थ, लिबरऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधला एक दोष मे २०२३ मध्ये जाहीर झाला; सुरक्षेच्या दोषांच्या जाहीर यादीत (सीव्हीई) त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-०९५०. कॅल्कमध्ये ‘ॲग्रिगेट’ नावाचं फंक्शन आहे. लपवलेल्या ओळी वगळून बेरीज हवी असेल तर त्याला तीन गोष्टी सांगायच्या: ९ म्हणजे बेरीज कर, ५ म्हणजे लपवलेल्या ओळी सोड, आणि तिसरी गोष्ट म्हणजे कोणते सेल घ्यायचे ते. कॅल्क आधी सूत्राचे तुकडे करून त्यांचा क्रम लावतं, मग एकेक किंमत मेमरीतल्या थप्पीवर ठेवत जातं. फंक्शनची पाळी आली की ते वरून हव्या तेवढ्या किमती उचलतं. आता मुद्दाम बिघडवलेलं असं सूत्र घ्या, ज्यात फंक्शनला हव्यात तेवढ्या किमती थप्पीवर आलेल्याच नाहीत. प्रोग्रॅमने तिथेच थांबून सेलमध्ये चूक दाखवायला हवी. सदोष आवृत्त्यांत ही मोजणी नीट होत नव्हती, त्यामुळे थप्पीच्या तळाच्याही खाली, उणे क्रमांकावर हात जात होता. तिथे मेमरी असतेच, फक्त ती या थप्पीची नसते. सी प्लस प्लस ही भाषा अशा वेळी आपणहून अडवत नाही. जे बाइट सापडतील त्यांनाच किंमत मानून काम पुढे चालू राहतं. ते बाइट हल्लेखोराला आपल्या सोयीने पेरता आले, तर त्याचा कोड चालू शकतो. हा धोका लिबरऑफिसने आपल्या निवेदनात मान्य केला आणि ७.४.६ व ७.५.१ या आवृत्त्यांत दुरुस्ती दिली.

यावर कुणी म्हणेल, चाणाक्ष माणूस अशी फाइल उघडणारच नाही. पण हिशेब तपासणाऱ्याचं, निविदा पाहणाऱ्याचं, भरतीचे अर्ज चाळणाऱ्याचं कामच मुळी परक्यांनी पाठवलेल्या फाइली उघडण्याचं असतं. आणि चांगली फाइल वाईट फाइलीपासून वेगळी ओळखायची कशी, हे कुणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या इक्वेशन एडिटरचं उदाहरण पाहा. नोव्हेंबर २००० मध्ये तयार झालेला हा छोटा प्रोग्रॅम फाइलमधलं फाँटचं नाव ठरावीक जागेत उतरवून घेताना त्याची लांबी तपासत नव्हता. वर्ड किंवा एक्सेलच्या फाइलीत समीकरण म्हणून दडवलेलं लांबलचक नाव पुरेसं होतं. मॅक्रो चालू करायला लावायची गरजच नव्हती. दुरुस्ती आली नोव्हेंबर २०१७ मध्ये. स्वतंत्र तज्ज्ञांनी ती तपासली, तेव्हा मूळ कोडऐवजी थेट यंत्रभाषेतले बाइट बदललेले दिसले. पुढे आणखी एक दोष निघाला आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो प्रोग्रॅमच काढून टाकला. सतरा वर्षं जो दोष अंगावर वागवला गेला, त्याचा जाब वापरणाऱ्याला विचारणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो: प्रोग्रॅमर काळजीपूर्वक लिहितील तर सी प्लस प्लसमध्ये काही वाईट नाही. मायक्रोसॉफ्टकडे कुशल माणसांची वानवा नव्हती. तरी दरवर्षी ज्या दोषांना सीव्हीई क्रमांक मिळतो, त्यांतले सुमारे ७० टक्के मेमरीच्या सुरक्षिततेचे असतात, असं त्याच कंपनीने २०१९ मध्ये सांगितलं. चूक जेव्हा इतक्या सातत्याने होते, तेव्हा ती माणसांपेक्षा अवजाराची असते. प्रत्येक वेळी हद्द तपासली तर वेग मंदावेल, ही भीतीही आता फारशी टिकत नाही. गूगलने आपल्या सर्व्हरवरच्या सी प्लस प्लस कोडमध्ये, प्रमाणित लायब्ररीत अशी तपासणी चालू केली, तेव्हा वेगावर सरासरी ०.३० टक्केच परिणाम झाला.

खर्चाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. लाखो ओळींचा कोड नव्याने लिहिणं कुणालाच परवडत नाही, आणि तसं करताना नव्या चुका शिरतात. पण सगळं लिहायची गरज नसते. अँड्रॉइडमध्ये नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायचं धोरण ठेवलं आणि जुना बहुतांशी तसाच राहू दिला. तरी मेमरीच्या दोषांचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. जो जुना कोड वापरात आणि देखरेखीखाली असतो, त्यातल्या चुका हळूहळू निघत जातात. इक्वेशन एडिटरसारखा, कुणी ढुंकून न पाहिलेला कोड हे दुखणं वेगळं, त्यावर उपायही वेगळा हवा. लिबरऑफिस आजही लोटस १-२-३ आणि डीबेस या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली उघडतं, आणि जुनी दफ्तरं वाचण्यासाठी ती सोय राहायलाच हवी. मात्र अशा फाइली वाचणारा भाग मुख्य प्रोग्रॅमपासून तोडून, डिस्क आणि नेटवर्कला हात लावता येणार नाही अशा स्वतंत्र प्रक्रियेत चालवावा. फायरफॉक्सने २०२१ मध्ये ९५व्या आवृत्तीत हनस्पेल ही शुद्धलेखन तपासणारी लायब्ररी, स्वतंत्र प्रक्रियेत नव्हे पण याच हेतूने, कोंडून ठेवली. तीच हनस्पेल लिबरऑफिसही वापरतं.