सुरगाठ की निरगाठ?

गाई-म्हशींना पोहायला शिकवावे लागत नाही. म्हैस तर पाण्यात रमणारे जनावर. नाकपुड्या वर ठेवून ती ओढा सहज पार करते. तरीही महापूर ओसरल्यावर गोठ्यांत जनावरे जागच्या जागी मेलेली सापडतात, कारण त्यांच्या गळ्यात दावे असते आणि दावे खुंट्याला बांधलेले असते. सुती दोर भिजला की फुगतो, नायलॉनचा दोर हिसक्यांनी आवळतो. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात, अंधारात, धडपडणाऱ्या जनावराशेजारी उभे राहून अशी निरगाठ सोडवणे मुरलेल्या शेतकऱ्यालाही जमत नाही. म्हणून आपत्तीत जनावरांच्या मदतीला जाणाऱ्या स्वयंसेवकाचा पहिला धडा दोराचा. एका ओढीत सुटणारी सुरगाठ त्याला डोळे मिटून मारता आली पाहिजे आणि तशीच सोडताही आली पाहिजे. गाठ सुटतच नसेल, तर दावे कापायला कमरेला धारदार विळा हवाच.

एवढा खटाटोप जनावरांसाठी कशाला, माणसे वाचवा आधी, असे म्हणणारे कमी नाहीत. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर परिसर वेढला, जुलै २०२१ मध्ये तेच पुन्हा घडले. दोन्ही वेळा बोट दारात येऊनही घर न सोडणारी माणसे होती. दावणीची जनावरे सोडून त्यांचा पाय निघत नव्हता. अमेरिकेत २००५ साली कॅटरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्समध्येही हेच दिसले. निवारा केंद्रांत कुत्र्या-मांजरांना प्रवेश नव्हता, म्हणून अनेकांनी बुडत्या घरातच थांबणे पत्करले. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तिथे कायदा झाला आणि स्थलांतराच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार बंधनकारक ठरला.

तो कायदा प्रामुख्याने घरात पाळलेल्या प्राण्यांचा. आपल्याकडे प्रश्न अख्ख्या संसाराचा असतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये मदत ठरली होती. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. ती गेली की दुधाचा रोजचा पैसा थांबतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील आपत्तीच्या व्याख्येत जीवितहानी, मानवी यातना, मालमत्ता आणि पर्यावरण यांचा उल्लेख आहे. जनावराचे वेगळे नाव नाही; मालमत्तेत धरले तर धरले. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटींहून अधिक पशुधन आहे, हे लक्षात घेतले तर ही गाळलेली जागा लहान नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठरले. बारा दिवसांच्या या प्रशिक्षणाचा भर माणसांच्या बचावावर आणि प्रथमोपचारावर आहे. त्यातून तयार झालेला तरुण पट्टीचा पोहणारा असतो, धाडसी असतो. पण बिथरलेल्या म्हशीपुढे धाडस उपयोगी पडत नाही. उलट तेच अंगाशी येते.

याचे कारण जनावराच्या डोळ्यांत आहे. गाई-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्यांना सुमारे ३३० अंशांतले दिसते. मागचा एक पट्टा तेवढा आंधळा. नेमके तिथूनच कोणी अचानक शेपटीला हात घातला की लाथ बसते. समोरचे अंतर मात्र त्यांना नीट उमगत नाही. जमिनीवरची सावली, पाण्यावरची चकाकी किंवा बॅटरीचा झोत त्यांना खड्ड्यासारखा वाटू शकतो आणि जनावर जागीच पाय रोवते. प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असते. अनोळखी माणूस त्या रिंगणात शिरला की ते दूर सरकते, बाहेर पडला की थांबते. खांद्याच्या रेषेमागे उभे राहून रिंगणात पाऊल टाकले तर जनावर पुढे जाते, रेषेच्या पुढे आले तर मागे हटते. पशुवर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन यांनी हे तत्त्व जगभरच्या पशुपालकांपर्यंत पोहोचवले. आपल्याकडचे जुने गुराखी ते नाव न देता पाळत आले आहेत. आरडाओरडा न करता, काठी न उगारता, दोन माणसांनी योग्य जागी उभे राहून दहा जनावरे हलवता येतात. हे वाचून येत नाही, गोठ्यात उभे राहूनच शिकावे लागते.

गावातल्या पशुसखींचा आणि रोज धार काढणाऱ्या बायकांचा उपयोग इथे सर्वात जास्त होतो. जनावर त्यांचा आवाज ओळखते. बचाव पथकात त्यांना पुढे ठेवले तर निम्मे काम होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्यांना काठावर उभे केले जाते, ही गोष्ट वेगळी.

पाण्यात उतरल्यावर काही मोह टाळायचे असतात. पहिला मोह जनावर बोटीत घेण्याचा. चार-पाचशे किलोंची म्हैस लहान बोटीत हलली की बोट उलटते. दुसरा, वेसण धरून ओढण्याचा. वेसणीने नाक फाटते, गळ्यातल्या दाव्याने श्वास कोंडतो. दोर म्होरकीला बांधावा, बोट संथ चालवावी आणि जनावराला स्वतःच्या पायांनी पोहू द्यावे. नाकपुड्या पाण्यावर राहतात ना, एवढे एका माणसाने बघत राहायचे. कळपात रोज पुढे चालणारी गाय आधी पार केली, तर बाकीची मागून येतात. काठावर आणलेल्या थकल्या जनावराच्या तोंडात बाटलीने पाणी ओतू नये. ते फुप्फुसात उतरते आणि वाचलेले जनावर न्यूमोनियाने जाते.

अर्थात, पाण्यात उतरावेच लागू नये हे खरे कौशल्य. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांना पाणी जो वेळ घेते, तोच जनावरांचा. कोणत्या वाड्यातली किती जनावरे, कोणत्या वाटेने, कोणाच्या माळावर न्यायची, ही यादी उन्हाळ्यातच व्हावी. ती वाट जनावरांना एकदोनदा चालवून दाखवावी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. विमा आणि पंचनाम्याच्या वेळी तोच कामी येतो. काही कारणाने जनावरे हलवणे शक्य झाले नाही, तर दावी सोडून गोठ्याचे दार उघडे ठेवून निघायचे.

छावणीत पोहोचल्यावर धोका संपला असे वाटते. इथे दुसरी आपत्ती सुरू होते आणि ती बहुधा चांगल्या मनाची माणसे घेऊन येतात. भाताची पातेली, पोळ्यांचे गठ्ठे, पिठाची पोती, ब्रेडचे पुडे. भुकेली गाय हे सगळे हावरटासारखे खाते. पण तिच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव चारा पचवायला सरावलेले असतात. एकदम एवढे पिष्ट आले की आम्ल तयार करणारे जिवाणू भराभर वाढतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि एरवी सहा-सातच्या दरम्यान असणारा सामू पाचाच्याही खाली जाऊ शकतो. रवंथ थांबतो, पोट फुगते, जनावर बसते आणि मग उठत नाही. पशुवैद्यक याला आम्लधर्मीय अपचन म्हणतात. पुरातून वाचलेली गाय पोळ्या खाऊन मरते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी शक्य आहे. स्वयंसेवकाने अशा वेळी दात्याला नम्रपणे पण ठामपणे अडवायचे असते. कोरडा कडबा, हिरवी वैरण, स्वच्छ पाणी आणि मीठ एवढेच मागावे. भिजून बुरशी लागलेला कडबा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

धारही चुकवून चालत नाही. दूध विकता येत नसले तरी कास मोकळी करावी लागते, नाहीतर कासदाह होतो. वेगवेगळ्या गावांची जनावरे एकत्र आली की लाळ्या-खुरकूत पसरायला वेळ लागत नाही, म्हणून दावणी वेगळ्या आणि पाण्याची भांडीही वेगळी. घटसर्प आणि फऱ्या या पावसाळी रोगांच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वीच टोचून घ्याव्या लागतात. छावणीत टोचलेल्या लशीचा उपयोग व्हायला काही दिवस जातात. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पशुवैद्यकीय पथक मिळू शकते. मेलेली जनावरे नदीत लोटणे हा जुना आणि घातक मार्ग. विहिरीपासून दूर खोल खड्डा, चुना आणि वर माती, हेच करायचे.

या सगळ्यात स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला स्वयंसेवक विसरतो. उंदीर, कुत्री आणि गुरे यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा जिवाणू पुराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या साध्या ओरखड्यातून माणसाच्या शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. त्यामुळे गमबूट आणि हातमोजे हवेतच. पाण्यात वावर झाला असेल तर प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. भेदरलेल्या कुत्र्यांना हात लावणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घेतलेली बरी. आणि पूर ओसरून आठ-पंधरा दिवसांनी ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात पाऊल ठेवताच पहिले वाक्य ‘मी पुराच्या पाण्यात काम केले होते’ हे सांगावे.