चेलो व पियानो यांचे सहवादन : द्यू प्रे आणि बारेनबॉइम यांच्या शिक्षणाचा व कारकिर्दीचा विचार

पाश्चात्त्य अभिजात संगीतात केवळ दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनांचा एक समृद्ध वर्ग आहे आणि त्यात चेलो व पियानो या जोडीचे स्थान महत्त्वाचे आहे. तबल्याची अगर संवादिनीची साथ ऐकण्याची सवय असलेला आपला रसिक अशा मैफलीस जातो, तेव्हा पुढे बसलेला चेलोवादक हा मुख्य कलावंत व मागे बसलेला पियानोवादक हा त्याचा साथीदार, असा समज तो सहजच करून घेतो. या रचनांचा इतिहास पाहिला असता मात्र हा समज टिकत नाही. बेथोव्हेनने या जोडीसाठी पाच सोनाटा-रचना केल्या. त्यांपैकी पहिल्या दोन १७९६ सालच्या असून त्यांच्या मूळ मुद्रित प्रतीवर पियानोचा उल्लेख आधी व चेलोचा नंतर येतो. ब्राम्सनेही आपल्या पहिल्या रचनेच्या शीर्षकात हाच क्रम ठेवला. तेव्हा येथे साथ नसून दोन समान अधिकारी वादकांचे सहवादन आहे. असे सहवादन करू शकणारा कलावंत कसा घडतो, हे जॅकलीन द्यू प्रे व डॅनियल बारेनबॉइम या जोडीच्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम या दोन वाद्यांच्या स्वभावातील भेद ध्यानात घेतला पाहिजे. चेलोचा स्वर गजाने निर्माण होतो. तो हळूहळू उमलू शकतो, वाढविता येतो आणि गज चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा स्वर हातोडीच्या आघाताने एका क्षणात जन्मतो आणि त्याच क्षणापासून क्षीण होऊ लागतो. दुसरी गोष्ट स्वरस्थानांची. पियानोवर सप्तकाचे बारा समान भाग आधीच बांधून दिलेले असतात; चेलोवादकाला प्रत्येक स्वराची जागा बोटाने शोधावी लागते, व ती किंचित चढी अगर उतरी घेण्याचे स्वातंत्र्यही त्याला असते. तिसरी अडचण आवाजाच्या तोलाची. चेलोच्या खालच्या तारा ज्या पट्टीत बोलतात, त्याच पट्टीत पियानोवादकाचा डावा हात वावरतो. त्यामुळे पियानो थोडाही जड झाला की चेलो बुडून जातो. या तिन्ही अडचणींवर लेखी नियम पुरा पडत नाही. पियानोवादकाने गजाची चाल आणि चेलोवादकाने पियानोच्या स्वराची ओसरती आस कानाने ओळखणे, हाच त्यावर उपाय होय.

जॅकलीन द्यू प्रे हिचा जन्म २६ जानेवारी १९४५ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. आई स्वतः पियानोवादक होती. चार वर्षांची असताना जॅकलीनने रेडिओवर चेलो ऐकला आणि तेच वाद्य आपल्याला हवे असा हट्ट धरला. लहानग्या मुलीला सराव रुक्ष वाटू नये म्हणून आई तिच्यासाठी छोट्या सुरावटी रचून चित्रांसह लिहून देत असे. दहाव्या वर्षी ती विल्यम प्लीथ यांच्याकडे शिकू लागली. प्लीथ हे लाइप्झिग येथील ज्युलिअस क्लेंगेल यांचे शिष्य. ते चतुष्टकात वाजवीत आणि पत्नी मार्गारेट गुड यांच्या पियानोबरोबर त्यांचे सहवादनही नियमित होत असे. म्हणजे द्यू प्रेच्या मुख्य गुरूची वृत्तीच मुळी सहवादकाची होती. १९५६ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला सुज्जिया पारितोषिक मिळाले. १ मार्च १९६१ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिची पहिली मोठी मैफल झाली. पुढे तिने पॅरिसमध्ये पॉल तॉर्तलिए यांच्याकडे व १९६६ मध्ये मॉस्कोत रोस्त्रोपोविच यांच्याकडेही शिक्षण घेतले. दरम्यान १९६५ मध्ये बार्बिरोली यांच्या संचालनाखाली झालेल्या एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोच्या ध्वनिमुद्रणाने तिचे नाव सर्वतोमुखी झाले होते.

बारेनबॉइम यांचे शिक्षण अगदी निराळ्या रीतीने झाले. त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्वेनोस आइरेस येथे झाला. आरंभी आई व नंतर वडील एन्रिके यांनी त्यांना शिकविले. वडिलांखेरीज पियानोचा दुसरा गुरू त्यांना पुढे लाभला नाही. वडील व्हायोलिनवादकाबरोबर वाजवीत तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर वाजवावे म्हणून आधी व्हायोलिनची आणि नंतर त्यांना दोन पियानोंवरील सहवादनात भाग घेताना पाहून पियानोची इच्छा झाली, असे त्यांनी आठवणींत सांगितले आहे. कोरड्या स्वरपाठांचा सराव त्यांच्याकडून करून घेतला गेला नाही. बोटांची तयारी प्रत्यक्ष रचनांमधूनच झाली. सातव्या वर्षी, १९५० मध्ये, त्यांची पहिली जाहीर मैफल झाली. १९५२ मध्ये कुटुंब इस्राएलमध्ये स्थायिक झाले. १९५४ च्या उन्हाळ्यात साल्झबुर्ग येथे इगोर मार्केविच यांच्या संचालनवर्गात ते बसले आणि तेथेच फुर्टवेंगलर यांनी त्यांचे वादन ऐकले. त्यानंतर पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे त्यांनी स्वरमेळ व रचनाशास्त्र यांचा अभ्यास केला.

वरवर पाहता या दोन शिक्षणपद्धतींत साम्य दिसत नाही. एकीने अनेक गुरूंचा संस्कार घेतला, दुसऱ्याने एकाचा. एकीचा कल एका वाद्याच्या नादाकडे, दुसऱ्याचा संपूर्ण रचनेच्या बांधणीकडे. तथापि दोहोंच्या मुळाशी एक तत्त्व समान आहे : तंत्र व आशय यांची फारकत दोघांच्याही बालपणी झाली नाही. सहवादनाचा पाया हाच होय. ज्याचे तंत्र आशयापासून सुटे असते, तो जोडीदाराच्या सूक्ष्म बदलाला त्याच क्षणी उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याची बोटे आधी पाठ केलेलेच बोलतात.

दोघांची भेट १९६६ च्या डिसेंबरात लंडनमध्ये फू त्सोंग या पियानोवादकाच्या घरी झाली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ब्राम्सची रचना एकत्र वाजविली. १५ जून १९६७ रोजी जेरुसलेममध्ये त्यांचा विवाह झाला. १९६८ मध्ये त्यांनी ब्राम्सच्या दोन्ही सोनाटा-रचना ध्वनिमुद्रित केल्या. बेथोव्हेनच्या जन्माच्या द्विशताब्दीच्या वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, एडिंबरा महोत्सवात त्यांनी पाचही रचना वाजविल्या; त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यातील ए मेजर रचनेचा आरंभ अभ्यासकाने अवश्य ऐकावा. तेथे चेलो एकटाच वाक्य सुरू करतो आणि पियानो ते पुरे करतो. पुढे तेच वाक्य पियानो सुरू करतो व चेलो पुरे करतो. साथीदार ही कल्पना येथे संगीतकारानेच रद्द केली आहे.

मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबीन मेहता हे या दांपत्याचे निकटचे स्नेही. १९६९ मध्ये लंडनला शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाच्या वादनात ते या दोघांबरोबर कॉन्ट्राबास हाती घेऊन बसले होते, व त्या प्रसंगाचा चित्रपटही निघाला. द्यू प्रेने लंडनमध्ये एल्गारचा कॉन्चेर्टो अखेरचा वाजविला तो फेब्रुवारी १९७३ मध्ये, आणि संचालक मेहताच होते. तत्पूर्वीच तिच्या बोटांची संवेदना कमी होऊ लागली होती. डिसेंबर १९७१ मध्ये शोपाँ व फ्रांक यांच्या रचना पतीसमवेत मुद्रित केल्यानंतर तिचे नवे स्टुडिओ-मुद्रण झाले नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीचे निदान झाले. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ती निवर्तली.

या जोडीचे सहवादन जेमतेम सहा वर्षे चालले. बारेनबॉइम यांची पुढील कारकीर्द मुख्यतः संचालकाची झाली. पॅरिस, शिकागो व बर्लिन येथील संस्थांचे नेतृत्व त्यांनी केले. वाद्य हातून सुटल्यावर द्यू प्रेजवळ उरले ते फक्त ऐकणे. त्या बळावर तिने चाकांच्या खुर्चीत बसून विद्यार्थ्यांना शिकविले. बोटे गेली तरी कान शिकवू शकला, याचा अर्थ असा की, तिच्या शिक्षणाचा गाभा बोटांत नव्हताच. आपल्याकडे पाश्चात्त्य वाद्ये शिकणारे विद्यार्थी परीक्षेच्या तयारीत बहुधा एकट्यानेच सराव करतात आणि पियानोवादक आयत्या वेळी शोधला जातो. या प्रथेचा पुनर्विचार करावयाचा झाल्यास सहवादन हा शिक्षणाचा शेवटचा नव्हे, तर पहिल्या वर्षापासूनचा भाग मानावा लागेल.