मार्चअखेरचं नवं-जुनं

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात राहुरी तालुक्यातल्या एखाद्या विविध कार्यकारी सोसायटीत तासभर बसावं. सचिवाच्या टेबलाभोवती खातेदार दाटलेले असतात. प्रत्येकाला 31 तारखेच्या आत नवं-जुनं करायचं असतं. जुनं पीककर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फिटलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. पण भरायला रोख कुणाकडे असते? कुणी पाहुण्यांकडून हातउसने आणतो, कुणी अडत्याकडून चार दिवसांपुरते. त्या चार दिवसांचं व्याज शून्य टक्क्यांच्या हिशेबात कुठेच धरलेलं नसतं.

कर्ज किती, हे सचिव क.म. पत्रकावरून सांगतो. कमाल मर्यादा पत्रक: पीक कोणतं, क्षेत्र किती, एकरी मर्यादा किती. उसाची मर्यादा बाजरीच्या कितीतरी वर. त्यामुळे मुळा-प्रवरेच्या पाटपाण्याखालचा माणूस जास्त उचलतो, पाथर्डी-जामखेडचा कमी.

दुसरीकडे जावं म्हटलं, तर बँका आहेत की! 1969 साली राष्ट्रीयीकरण झालं, पाठोपाठ अग्रणी बँक योजना आली आणि नगर जिल्हा सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे गेला. 2017 ते 2020 या काळात सरकारी बँका 27 वरून 12 वर आल्या. देना गेली, सिंडिकेट गेली, पाट्या बदलल्या. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र आधीही फारशी निवड नव्हतीच. 1989 ते 2004 या काळात गावं शाखांना दत्तक दिलेली होती. शेजारच्या शाखेत गेलं की साहेब विचारायचे, ‘‘गाव कोणतं?’’ मग म्हणायचे, ‘‘सोसायटीचा बेबाकी दाखला आणा.’’

सोसायटीला पैसा पुरवणाऱ्या जिल्हा सहकारी बँकेची खरी ताकद अशा दत्तकविधानात नाही, ती ऊसबिलात आहे. कारखाना बिलातूनच सोसायटीची कपात करून बँकेकडे वळती करतो. ऊस घेणारा आणि कर्ज देणारा, दोघांचे संचालक पुष्कळदा एकाच गोतावळ्यातले. याला मक्तेदारी म्हणायला माझी हरकत नाही. पण एवढ्या छोट्या कर्जाची इतक्या स्वस्तात वसुली दुसऱ्या कुणाला जमलेली नाही, हेही खरंच.

कांदेवाल्याची तऱ्हा वेगळी. त्याची पट्टी मार्केटमध्ये त्याच्याच हातात पडते, कपात करणारं मध्ये कुणी नसतं. तो थकला की सोसायटीला सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला काढावा लागतो.