प्लग बदलणं हे ताकदीचं नव्हे, मापाचं काम

पेट्रोलची एखादी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि तिचं इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेतंय, असं धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी लागते. म्हणजे प्रत्येक प्लग मिनिटाला १,००० ठिणग्या टाकतो, आणि तेवढ्या वेळात गाडी एक किलोमीटर जाते. या हिशेबाने ४०,००० किलोमीटर झाले की त्याच प्लगने चार कोटी ठिणग्या टाकलेल्या असतात. प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडच्या टोकावरचा धातूचा अगदी सूक्ष्म कण उडवते, आणि दोन टोकांमधलं मिलिमीटरभर अंतर हळूहळू वाढत जातं. हे अंतर म्हणजेच 'गॅप'. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. स्पार्क प्लगचं सगळं गणित या अंतराभोवती फिरतं. गाडीचा मालक असो वा मेकॅनिक, ते माप सोडून अंदाजावर, ताकदीवर किंवा ऐकीव सल्ल्यावर विसंबला की नुकसान होतं. प्लगविषयीचे बहुतेक गैरसमज इथूनच जन्मले आहेत.

सर्वांत लोकप्रिय समजूत अशी, की भारी प्लग टाकला की गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं आणि पिकअप सुधारतो. प्लग ताकद निर्माण करत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ताकद पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणात असते. प्लगने फक्त ते मिश्रण ठरल्या क्षणी पेटवायचं असतं. सिलिंडरमधलं मिश्रण एकदा नीट पेटलं, की ठिणगी दुप्पट दणकट असली तरी त्यातून दुप्पट काम निघत नाही. मग प्लग बदलल्यावर गाडी हलकी झाल्यासारखी का वाटते? कारण आधीच्या झिजलेल्या प्लगमुळे काही ठिणग्या वाया जात होत्या, इंजिन अधूनमधून 'मिसिंग' करत होतं, आणि ते थांबलं. जे हरवलं होतं तेवढंच परत मिळालं. चांगल्या स्थितीतला, कंपनीने सांगितलेला प्लग काढून त्याजागी दुप्पट किमतीचा बसवला, तर फरक जाणवण्याचं काही कारण नाही. तेव्हा प्लगवर खर्च करताना विचारायचा प्रश्न किमतीचा नाही. या इंजिनासाठी कोणता क्रमांक ठरला आहे, हा आहे.

इरिडियमविषयीचा गैरसमज याच जातीचा. इरिडियम महाग, म्हणून ते वीज अधिक चांगली वाहत असणार, असं अनेकांना वाटतं. वास्तवात वीज वाहण्यात तांबं इरिडियमपेक्षा कितीतरी सरस आहे. पण तांबं १,०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ठिणगीच्या टोकाला ते टिकत नाही. ज्याला आपण 'कॉपर प्लग' म्हणतो त्यातही तांबं आतल्या गाभ्यात असतं. बाहेरचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेलचा वितळणबिंदू सुमारे १,४५५ अंश, प्लॅटिनमचा १,७६८ आणि इरिडियमचा जवळजवळ २,४५० अंश. इरिडियम कठीणही असतं, म्हणून त्याचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि टोक झिजतंही सावकाश. इरिडियमचे जादा पैसे आपण या टिकाऊपणासाठी मोजतो. साधा निकेलचा प्लग साधारण ३०–४० हजार किलोमीटरला बदलावा लागतो, तर इरिडियमचा अनेक गाड्यांत ८० हजार ते एक लाखाच्या पुढे जातो. ज्या इंजिनात प्लगपर्यंत पोहोचायलाच निम्मा दिवस जातो, तिथे हा सौदा शहाणपणाचा. जिथे बोनेट उघडताच कॉइल दिसतात आणि कंपनीनेच साधा प्लग दिला आहे, तिथे साधा प्लग वेळेवर बदलणं तितकंच योग्य.

'हॉट' आणि 'कोल्ड' प्लग या शब्दांनीही बराच घोळ घातला आहे. हॉट प्लगची ठिणगी गरम असते, म्हणून गाडी थंडीत लवकर सुरू होते, अशी समजूत आहे. या शब्दांचा ठिणगीशी काही संबंध नाही. प्लगचं टोक आपली उष्णता सिलिंडर हेडकडे किती वेगाने सोडतं, एवढंच ते सांगतात. टोकाचं तापमान साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं तर त्यावर बसणारी काजळी आपोआप जळून जाते. ते ८५०–९०० अंशांच्या पलीकडे गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका निर्माण होतो, आणि त्यात पिस्टनही वितळू शकतो. या दोन टोकांच्या मधली जागा इंजिन बनवणाऱ्याने प्रयोग करून ठरवलेली असते. शिवाय क्रमांकांची रीतही सगळीकडे एकसारखी नाही. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशच्या क्रमांकात आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. दुकानदार 'हाही बसतो' म्हणतो तेव्हा आटे बसतात एवढंच सिद्ध होतं.

मग जुनाच प्लग पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवला तर काय बिघडलं? एके काळी प्लग वारंवार काळे पडत, तेव्हा या उपायाला अर्थ होता. आज तो फारसा उरलेला नाही. घासण्याने काजळी निघते, पण झिजलेला धातू परत येत नाही. टोकाच्या ज्या धारदार कडांवरून ठिणगी सहज उडते, त्या गोलच राहतात. तारेच्या ब्रशने घासलं तर पांढऱ्या सिरॅमिकवर धातूचे ओरखडे उमटतात, आणि विजेला ठिणगी न टाकता निसटून जायला आयती वाट मिळते. इरिडियमचं नाजूक टोक तर घासताना किंवा गॅप वाकवताना तुटूच शकतं. इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सिरॅमिकच्या बाहेरच्या भागावर, धातूच्या कडेलगत, तपकिरी पट्टा दिसला की 'प्लग लीक झाला' असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा तो उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलकट कण चिकटून पडलेला डाग असतो, आणि त्याने प्लगच्या कामात काहीही अडत नाही. पाहायचं ते आतलं टोक. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा टोक पुरेसं तापत नाही. तेलाने ओलं असेल तर तेल सिलिंडरमध्ये उतरतंय. आणि पांढरं, फोड आलेलं असेल तर टोक अति तापलं आहे. शेवटच्या तिन्ही स्थितींत नुसता नवा प्लग म्हणजे मूळ दुखण्यावर पांघरूण.

गाडी सुरू होते आहे ना, मग बदलायची घाई कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण गॅप वाढला की ठिणगी उडवायला कॉइलला अधिक व्होल्टेज द्यावं लागतं. एरवी हजारो व्होल्टवर काम करणारी कॉइल मग सतत आपल्या क्षमतेच्या कडेला राबते आणि तापते. न पेटलेलं पेट्रोल धुरांड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो निकामी करू शकतं. हे दोन्ही भाग प्लगच्या कित्येक पटींनी महाग आहेत. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण त्या वायूचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि प्लगवर ताण अधिक येतो. मॅन्युअलमध्ये सीएनजीसाठी वेगळं अंतर दिलं असेल तर तेच पाळावं.

आता स्वतः बदलण्याविषयी. सर्वांत महागडी चूक ज्यातून होते, ती समजूत म्हणजे प्लग 'कचकून आवळायचा'. १४ मिलिमीटर आट्यांचा, वायसर असलेला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्कने बसवतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर हा भार होतो दहा-बारा किलोचा. पाना अर्धा मीटर लांब असेल तर पाच-सहा किलोच पुरतात. १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ एवढंच लागतं. प्लगचे आटे पोलादाचे आणि हेड मऊ अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे जोर जास्त झाला तर आटे हेडचे जातात. उलट प्लग सैल राहिला तर त्याची उष्णता हेडकडे जाण्याची वाटच तुटते आणि टोक लालबुंद होतं. टॉर्क रेंच नसेल तर नवा, वायसरवाला १४ मिलिमीटरचा प्लग बोटांनी पूर्ण बसवून मग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळतात. वायसर नसलेल्या, उतरत्या बैठकीच्या प्लगला मात्र एक-षोडशांश फेराच पुरतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावण्याचा सल्लाही या मापाशी जोडूनच तपासावा. वंगणाने घर्षण घटतं, आणि रेंचवर तोच आकडा दिसत असला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर आधीच धातूचा लेप असतो. ते कोरडेच बसवावेत.

'गरम इंजिनातून प्लग सहज सुटतो' हा सल्ला अर्धवट खरा आहे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड किंचित ढिली होते. पण तापलेल्या हेडचे आटे ओढाताणीत खरवडले जाण्याची भीती असते, हात भाजतो तो वेगळाच, आणि टॉर्कचे आकडे थंड इंजिनासाठी दिलेले असतात. म्हणून इंजिन पूर्ण निवू द्यावं, इग्निशन बंद करावं, कॉइलचा कनेक्टर त्याची कडी दाबून काढावा, वायर ओढून नव्हे. प्लग सोडवण्यापूर्वी त्या खोल खड्ड्यातली धूळ हवा मारून काढावी, कारण तिथला एक खडा पुढे सिलिंडरमध्ये पडतो. एका वेळी एकच प्लग बदलावा. नवा प्लग बसवताना सुरुवातीला पाना वापरूच नये. नुसत्या एक्स्टेन्शनने किंवा रबरी नळीत धरून बोटांनी फिरवावा. आधी उलटा फिरवून आटे जुळल्याचा हलका धक्का जाणवला की मग सुलटा. दोन-तीन फेरे बोटांनी जात नसतील तर आटे तिरके लागले आहेत. तिथे जोर लावणं म्हणजे हेड बिघडवणं. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरूच नये. सिरॅमिकची केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही.

आजच्या गाड्या इलेक्ट्रॉनिक आहेत, हे सामान्य माणसाचं काम राहिलं नाही, असं म्हणणाऱ्यांना एक साधं निरीक्षण सांगता येईल. डिस्ट्रिब्यूटरच्या काळात वायरींची अदलाबदल झाली की इंजिन नीट चालत नसे. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असते, त्यामुळे ती भीती खूप कमी झाली आहे. मर्यादा मात्र खऱ्या आहेत. डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतोच. तिथे ग्लो प्लग असतात आणि त्यांचं काम वेगळं. ज्या इंजिनात प्लगसाठी इनटेक मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, किंवा जुना प्लग सोडताना करकरतो आणि हलत नाही, तिथे थांबून जाणकाराकडे जाणं यात कमीपणा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर त्या अटी आधी वाचाव्यात.

गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होणारं काम घरी तासभर का करायचं, हा प्रश्न उरतोच. गॅरेजमध्येच करा, त्यात काही चूक नाही. पण एकदा स्वतः बदललेला माणूस पुढच्या वेळी गॅरेजमध्येही नेमकं विचारतो: कोणत्या क्रमांकाचा प्लग टाकलात, गॅप किती, टॉर्क किती दिला? चांगल्या मेकॅनिकला हे प्रश्न आवडतात. जुने प्लग मागून घ्यावेत, टोकांचा रंग पाहावा, आणि सर्व्हिस बुकात तारीख, किलोमीटर आणि प्लगचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढच्या चार कोटी ठिणग्यांचा हिशेब त्या एका ओळीवरून सुरू होतो.